पोवळ्याची तबकडी

मयूर विहार, फेज १
३ ऑगस्ट २०२५

लुंबिनीस,

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस त्याला येत्या नोव्हेंबरात अकरा वर्षं होतील. सुधन्वा, सख्खा भाऊ असून, माझा फोन उचलत नाही. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडण्याआधी वाच. मी पस्तीस वर्षं केंद्र सरकारात फायली हलवल्या आहेत, मुद्द्याचं कसं लिहायचं ते मला कळतं.

तुझ्या निधीचं लग्न ठरल्याचं माझ्या आशयकडून समजलं. त्याला बंगलोरला पत्रिका गेली. सख्ख्या आत्याला नाही. मला त्याचं काही वाटत नाही, लग्नाला यायची माझी अपेक्षाही नाही, हे आधीच स्पष्ट करते. पत्राचं कारण वेगळं आहे.

आमच्या बँकेची शाखा हलली, म्हणून आईचा लॉकर रिकामा करावा लागला. त्यात ते घड्याळ निघालं. आशयच्या लग्नानंतर आईने ते आत टाकलं आणि किल्ली मरेपर्यंत कमरेला ठेवली. कुणाला दाखवू दिलं नाही, तपासू दिलं नाही, विषय बंद. आता आई जाऊन सहा वर्षं झाली आणि घड्याळ माझ्या टेबलावर आहे. सोन्याचा विणलेला पट्टा अजून तसाच झळकतोय. तबकडी मात्र तीच, त्या दिवशी निघालेली पांढुरकी, खडूसारखी, कंपनीचं नाव नसलेली.

तुलाही आठवत असेल ती आधी कशी होती. अखंड लाल पोवळं, वर आकडे नाहीत, फक्त दोन बारीक काटे आणि बाराच्या जागेखाली सोनेरी अक्षरांत नाव. बाबा जिनिव्हाला आपल्या सरकारच्या कचेरीत कारकून होते तेव्हा घरमालकिणीने देश सोडताना त्यांना ते विकलं. घड्याळ महागडं होतं. आई म्हणाली, पोवळं आहे, शुभ असतं, आणि थेट दागिन्यांच्या डब्यात ठेवलं. चावी कधी दिली नाही. दागिन्याला चावी कसली द्यायची, असं तिचं म्हणणं. दसऱ्याला पाटल्या-गोठांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं.

आशयच्या लग्नाच्या आठवड्यात ते तू करोलबागेत सोनाराकडे पट्ट्याची कडी बसवायला नेलंस. सोमवारी परत आणलंस. शनिवारी सकाळी लग्नाच्या हॉलमध्ये नव्या सुनेच्या हातात घालायला डबा उघडला तर आत ही पांढरी तबकडी. घड्याळ घराबाहेर नेणारी तू एकटीच होतीस. मी जे विचारलं ते कुणीही विचारलं असतं.

आता मी ते तज्ज्ञाला दाखवणार आहे. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होऊन जाऊ दे. सोनाराचं नाव-पत्ता कळव, म्हणजे काम सोपं होईल. तुझ्याकडे लपवण्यासारखं काही नसेल तर एवढं करायला हरकत नसावी.

विजयालक्ष्मी गद्रे
(निवृत्त अवर सचिव)


मयूर विहार
१७ ऑगस्ट २०२५

लुंबिनीस,

तुझं उत्तर आलं नाही. तरी निकाल कळवणं माझं कर्तव्य आहे, कारण तपास मी जाहीर केला होता.

करोलबागेतच एका गल्लीत पहिल्या मजल्यावर श्यामबाबू म्हणून आहेत. सत्तरीचे, जाड भिंगाचे. जुनी विलायती घड्याळं, त्यातही दगडाच्या तबकड्यांची, एवढंच काम करतात. माझ्यासमोर एक ट्रे होता. काय सांगू तुला, असली चीज मी जन्मात पाहिली नव्हती. सोन्याच्या बांगडीत बसवलेला निळा लाजवर्द, त्यात सोनेरी ठिपके. हिरवा मॅलाकाइट, त्याच्या रेघा जणू पाण्यात खडा टाकलाय. व्याघ्रनेत्राची एक तबकडी तर हलवली की तिच्यातला उजेड सरकायचा. श्यामबाबूंनी सांगितलं की हा दगड नखाएवढा पातळ कापतात आणि धातूच्या चकतीवर चिकटवतात. काटे बसवताना अंगठ्याचा जोर जरा जास्त झाला की टक् करून तडकतो. कारागीर म्हणे श्वास रोखून काटा दाबतात.

मी त्यांना स्वच्छ सांगितलं की अस्सल तबकडी काढून नकली बसवली आहे, मला तसं लेखी हवंय. त्यांनी काच काढली. भिंगातून बराच वेळ पाहिलं. यंत्र उघडलं तर आत सगळा गंज. मग कडेची एक जागा दाखवली, जिथे सोन्याची कड तबकडीवर येते. त्या कडेखाली केसाएवढी लाल रेघ होती. अगदी पूर्वीची, लाल.

ते म्हणाले, "माताजी, मूंगा वही है. किसीने बदला नहीं. इसे किसीने धोया है."

मूंगा म्हणजे पोवळं. ते आंबट पदार्थाने खाल्लं जातं, चुन्यासारखं. पाणी काचेच्या फटीतून आत शिरलं, वरचा थर गेला, थरावरची सोनेरी अक्षरं त्याच्याबरोबर गेली. कडेखाली पाणी पोचलं नाही तेवढंच वाचलं. मी त्यांना तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ते जरा चिडलेच.

तेव्हा तबकडी बदललेली नव्हती. हे मी मान्य करते. तू ती विकली नाहीस, कुणाला दिली नाहीस, हेही मान्य करते. कागदावर लिहून देते आहे, जपून ठेव.

धुतलं कोणी, हा प्रश्न उरतो. आईच असणार. तिला दागिने धुवायची हौस होती आणि शेवटी शेवटी तिचं भान राहत नव्हतं. गेलेल्या माणसाला काय बोलणार. हा विषय मी माझ्याकडून संपला असं समजते. तूही तसं समजावंस.

विजयालक्ष्मी


मयूर विहार
२९ ऑगस्ट २०२५

लुंबिनी,

मागच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद खोटा आहे.

लिहिताना मला तो खोटा वाटला नव्हता, असं म्हणायचा मोह होतो. पण वाटला होता. पेन तिथे दोनदा अडलं होतं. माझं पेन सहसा अडत नाही.

परवा गणपतीसाठी माळ्यावरून सामान काढताना आशयच्या लग्नाचा अल्बम खाली पडला. उघडला तर आई अक्षता टाकते आहे. डाव्या हाताने. उजव्या हाताला प्लास्टर. न्हाणीघरात घसरली होती ना ती, लग्नाच्या तीन आठवडे आधी. तिची वेणी तू घालायचीस, आठवतं? ती बाई पाण्याने भरलेलं पातेलं कुठून उचलणार होती? मी आईवर ढकललं, कारण ती काही परत येऊन बोलणार नव्हती.

धुतलं मी.

सोनं रिठ्याच्या पाण्यात धुवायचं ही आईची पद्धत. माझं मत असं की रिठ्याने चमक येते पण मळ पुरता निघत नाही. म्हणून मी त्यात सुधारणा केली. रिठ्याच्या पाण्यात चार लिंबं पिळायची, दागिने मलमलीच्या पुरचुंडीत बांधायचे आणि रात्रभर बुडवून ठेवायचे. दोन हजार नऊ साली इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत 'विजूताईंचा सल्ला' म्हणून तो छापून आला, माझ्या फोटोसकट. पूर्व दिल्लीतल्या निम्म्या मराठी घरांत सोनं माझ्या पद्धतीने धुतलं जातं. मला त्याचा फार अभिमान होता.

तू सोमवारी घड्याळ आणलंस. मंगळवारी संध्याकाळी मी सगळा डबा पुरचुंडीत ओतला. पाटल्या, गोठ, तोडे, आणि घड्याळ. दुसऱ्या कुठल्याही घरात बाईने घड्याळ बाजूला काढलं असतं. आमच्या घरात ते कधी घड्याळ नव्हतंच. माझा हात थबकलासुद्धा नाही. बुधवारी घाईत पुसलं, काच धुरकट दिसत होती, कापसात गुंडाळलं, डबा बंद केला. शनिवारी उघडला.

म्हणजे घड्याळाला शेवटचा हात माझा लागला होता. मी स्वतः विसरले होते, असं नाही. पुरचुंडी बांधल्याचं मला त्या सकाळीही आठवत होतं. पण धुण्याने दगड बदलतो हे माझ्या डोक्यातच येईना. माझ्या पद्धतीने काही बिघडेल, हे तर मुळीच नाही. तुझ्यावर बोट ठेवणं त्याहून सोपं होतं.

आणखी एक. तुम्ही दोघं हॉलमधून निघून गेल्यावर आई मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "ती नाही घेणार. तिला बोलाव." मी म्हटलं, लग्न उरकू दे. मग आईने घड्याळ लॉकरमध्ये टाकलं, ते तुला आणखी कुणी काही बोलू नये म्हणून. मी इतकी वर्षं समजत होते की ती तुला पाठीशी घालते आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी पुरावा गोळा करायला निघाले आणि पुरावा माझ्याच घरी निघाला. मी चुकले. माझ्याकडून अन्याय झाला, लुंबिनी. मला माफ कर.

आणि पहिल्या पत्रातही एक खोटं आहे. निधीच्या लग्नाला मला यायचं आहे. फार यायचं आहे. तिला पहिल्यांदा न्हाऊ मीच घातलं होतं.

विजूताई


मयूर विहार
९ सप्टेंबर २०२५

लुंबिनी,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. दोनच ओळी होत्या, मी त्या पाठ केल्या आहेत.

"ताई, पत्रं मिळाली. तुम्ही विचारलंत ते हॉलमध्ये, सव्वाशे माणसांसमोर. उत्तर मात्र मला एकटीला पाठवलंत."

पहिल्यांदा रागच आला. वाटलं, या वयात मी तीन पत्रं लिहिली, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणखी हिला काय हवंय? दोन दिवस मी चिडचिड करत होते. तिसऱ्या दिवशी भाजी घ्यायला खाली उतरले तर देवयानी साठे भेटली. आपल्या मंडळाची अध्यक्ष ती, आशयच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीत होती. बोलता बोलता निधीच्या लग्नाचा विषय निघाला तर तिने आवाज खाली आणून विचारलं, "तुझं जाणं-येणं आहे का गं तिच्याकडे? त्या प्रकारानंतर?"

त्या प्रकारानंतर. अकरा वर्षं झाली, आणि या लोकांच्या लेखी तू अजून तबकडी विकलेली बाई आहेस. तू मयूर विहारला कधी येत नाहीस ते मला वाटायचं माझ्यामुळे. द्वारकेहून इथवर मेट्रोची एकच निळी लाइन, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही, आणि तू सगळा गोतावळा सोडलास.

तुझं बरोबर आहे. मी करते. केव्हा, कुठे ते मला ठरवू दे, एवढं ठरवण्याची अक्कल मला आहे.

विजूताई


मयूर विहार
२९ सप्टेंबर २०२५

लुंबिनी,

काल रविवारी मंडळाचा भोंडला होता. सोसायटीच्या हॉलमध्ये नव्वद-पंच्याण्णव बायका. आशयच्या लग्नाला आलेल्यांपैकी चाळीस तरी असतील, मी मोजल्या नाहीत पण ओळखल्या. पाटावरच्या हत्तीभोवती फेर झाला, गाणी झाली. खिरापत ओळखायची वेळ आली तशा सगळ्या खाली बसल्या. तेव्हा मी उठून माइक घेतला. देवयानीला वाटलं मी खिरापतीबद्दल बोलणार.

मला भाषणाची सवय आहे. मी घड्याळ पुढे धरलं आणि सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या लग्नात माझ्या भावजयीला मी भर हॉलमध्ये विचारलं होतं, "लुंबिनी, खरं सांग, दगड कुठे दिलास?" शब्द जसेच्या तसे सांगितले. मग श्यामबाबूंनी काय सांगितलं ते, मग लिंबं, पुरचुंडी, मंगळवार, सगळं. म्हटलं, स्मरणिका ज्यांनी जपली असेल त्यांनी त्या सल्ल्यावर काट मारा. पोवळं, मोती, पिरोजा घरात असेल तर लिंबाजवळ नेऊ नका. लुंबिनीने काही घेतलं नव्हतं. घड्याळ मी नासवलं आणि नाव तिचं घेतलं. मग मी घड्याळ पहिल्या रांगेत दिलं आणि ते हातोहात फिरलं. काही जणी चष्मे लावून कडेखालची लाल रेघ शोधत होत्या.

इथवर सगळं मी ठरवलं होतं तसं झालं. पुढचं ठरवलेलं नव्हतं.

देवयानी माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि माइक सुरूच आहे हे न कळून म्हणाली, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? तुला तेव्हा तसं वाटलं ते साहजिकच होतं. आम्हालाही तसंच वाटलं."

बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. प्रेमाने, माझी समजूत काढायला.

मी विचारलं, "साहजिक का?"

ती गडबडली. म्हणाली, म्हणजे, तसं नाही. मी पुन्हा विचारलं, सगळ्यांकडे बघून. सगळ्या जणी खिरापतीच्या डब्यांकडे बघत बसल्या. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते माझंच होतं.

तुझं आणि सुधन्वाचं ठरलं तेव्हा आमच्याकडे किती गोंधळ झाला. अकोल्याची, बौद्ध, नको. मी एकटी उभी राहिले. बाबांशी भांडले, मामांशी बोलणं सोडलं, तुझी ओटी मी भरली. तीस वर्षं मी ते मिरवत आले. आमच्यात असलं काही नाही, असं मी ज्याला त्याला सांगायचे. आणि डबा उघडल्यावर त्या हॉलमध्ये माझी जाऊ होती, दोन मावसबहिणी होत्या, दागिन्यांचा डबा ज्यांच्या हाताखालून गेला अशा चार-पाच जणी होत्या. सोनाराकडे तुझ्याऐवजी माझी जाऊ गेली असती तर मी आधी सोनाराला फोन केला असता. तुझ्या बाबतीत मला सोनार आठवलासुद्धा नाही. थेट तू.

हे मी माइकवर बोलले. याच शब्दांत. म्हटलं, मला ते साहजिक वाटलं कारण ती आपल्यातली नाही असं मी आतून धरून चालले होते, आणि तुम्हालाही त्याच कारणाने वाटलं. लिंबू मला माहीत नव्हतं, ते माझं अज्ञान. पण हे मला माहीत होतं.

त्यानंतर टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. दोघी-तिघी उठून गेल्या. देवयानी आज सकाळी लिफ्टमध्ये भेटली तर मोबाइलमध्ये बघत राहिली. बघू दे. खिरापत खोबऱ्याच्या वड्या होत्या, कुणी ओळखल्याच नाहीत.

सव्वाशे माणसांपैकी चाळिसांसमोर झालं आहे. उरलेल्यांना मी एकेकाला फोन करते आहे. पंचवीस झाले. आशयच्या सासूबाईंना सांगताना सगळ्यात जड गेलं.

श्यामबाबूंनी तबकडी घासून लाल करून देऊ म्हटलं होतं. मी नको म्हटलं. माझ्या मनात असं आहे की ते आहे तसं, पांढरं, निधीला द्यावं. आजीचं म्हणून. सोबत सगळी हकीकत लिहून. तुला काय वाटतं ते कळव. सुधन्वाला हे पत्र वाचायला दे किंवा देऊ नकोस, तू ठरव.

विजूताई


मयूर विहार
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय लुंबिनी,

आज दुपारी पत्रिका मिळाली. ९ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा, द्वारका. पाकिटावर माझं नाव निधीने लिहिलंय, तिचा 'ज' अजून उलटा वळतो, आता इंजिनिअर झाली तरी. आत तुझी चिठ्ठी.

"ताई, या. आहेर नको. घड्याळही नको. त्या घड्याळाबरोबर माझी गोष्ट माझ्या मुलीच्या हातात जायला नको. तिला तुम्ही हव्या आहात. मला अजून वेळ लागेल."

मला वाईट वाटलं, हे सरळ सांगते. मी ते देऊन मोकळी होणार होते. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो आणि माझा हात जन्मभर वरच राहिला आहे. तुझ्या लग्नात, निधीच्या बारशाला, घरच्या प्रत्येक कार्यात सगळ्यात जड पाकीट माझं. त्या पाकिटाच्या जोरावर मी पुढच्या खुर्चीवर बसते आणि वाटेल त्याला वाटेल ते विचारते. हे तुझ्या लक्षात फार आधी आलं असणार. मला ते आज दुपारी, चिठ्ठी हातात धरून बसल्यावर लक्षात आलं.

तुला वेळ लागेल, ते कळलं. मी विचारणार नाही, किती.

काही गोष्टी मात्र विचारते, कारण मला खरंच ठाऊक नाहीत. तुमच्याकडच्या लग्नात पांढरं नेसतात ना, की ते नवरीनेच? बुद्धवंदना सुरू असताना मी हात जोडले तर चालेल का, की नुसतं बसायचं? आणि बसायचं कुठे ते कुणाला तरी सांगून ठेव. मागची खुर्ची चालेल.

निळ्या लाइनने येते. आजवर कुणाच्या लग्नाला मी रिकाम्या हाताने गेलेले नाही. या लग्नाला येते.

तुझी,
विजू